डिझेलला लांब जावं लागतं

गाडी घ्यायला गेलो तेव्हा शोरूममधल्या माणसाने रंग विचारला नाही, पहिल्यांदा विचारलं, महिन्याला रनिंग किती होईल, सार? आमच्या कुंभकोणम भागात डिझेल की पेट्रोल हे त्या एका उत्तरावर ठरतं. जो पुष्कळ धावतो त्याने डिझेल घ्यावं, ज्याला भाजी आणायची आणि देवळात जायचं त्याने पेट्रोल. मी बायकोकडे बघितलं. ती बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. मुलगा जर्मनीहून दरवर्षी येणार, त्याला आणायला-पोचवायला तिरुचीचा विमानतळ. मुलगी अमेरिकेहून वर्षाआड येणार. मग त्या सगळ्यांना घेऊन मदुरै, रामेश्वरम. नातवंडांना समुद्र दाखवायला नागपट्टिणम. किलोमीटर विचारले होते आणि आम्ही दोघं माणसं मोजत बसलो होतो. त्या माणसाने मान डोलावली आणि सात जण बसतील अशी डिझेल गाडी आमच्या गळ्यात मारली. पस्तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस मी, पण त्या दिवशी गणितात साफ नापास झालो.

खरं तर डिझेलचं वेड मुलानेच लावलं होतं. आम्ही दोघं पहिल्यांदा त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याची डिझेल गाडी होती. लांबच लांब रस्त्यावर ती मुकाट्याने धावायची आणि हा अभिमानाने सांगायचा, अप्पा, इथली समजूतदार माणसं डिझेलच घेतात. मला फार मजा वाटली. आमच्याकडे डिझेल म्हणजे शेतातला पंप, टाउन बस आणि लॉरी. तिथे कोटटाय घातलेली माणसं पंपावर उभी राहून स्वतःच्या हाताने डिझेल भरत होती. परत आल्यावर मी हे इतक्या जणांना सांगितलं की बायको म्हणायची, आता पुरे, जर्मनीचा पंप तुमच्याच मालकीचा आहे असं वाटायला लागलंय लोकांना.

मग बऱ्याच वर्षांनी आम्ही डिझेल घेतलं आणि मोठ्या हौसेने मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अप्पा, डिझेल? आता?" तिकडचं वारं केव्हाच फिरलं होतं. त्याच्या गावात जुन्या डिझेल गाड्यांना काही रस्त्यांवर मज्जाव होता, त्याने स्वतःची कधीच विकून टाकली होती. पाळण्याशेजारी बिडी ओढणाऱ्याकडे बघावं तसे लोक डिझेलवाल्याकडे बघतात, असं तो म्हणाला. मुलीला कळवलं तर ती हसायलाच लागली. ती राहते तिकडे डिझेल म्हणजे मोठमोठे ट्रक. अप्पांनी म्हातारपणी लॉरी घेतली, असं तिने नवऱ्याला सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं.

आता यात नवल काही नाही. आम्ही तंजावरकडचे मराठी. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी जी भाषा बोलत इकडे आले तीच घरात धरून बसलो, पुण्याची माणसं ऐकतात आणि हसू लपवायला तोंडाला रुमाल लावतात. तिकडे टाकून दिलेलं इकडे जपून ठेवायचं ही आमची जुनी खोड. पोराने डिझेल सोडलं तेव्हा मी धरलं. पदरी पडलं, पवित्र झालं.

पहिल्या वर्षी कुणाला यायला जमलं नाही. दुसऱ्या वर्षी बायको गेली. तेव्हा मुलगा-मुलगी दोघं आली, चेन्नईहून भाड्याच्या गाडीने, मुलांच्या शाळा म्हणून एकेकटी. तेराव्यानंतर परत गेली. त्या दिवसांत आमची गाडी अंगणात उभीच होती, कुणाला तिची आठवण झाली नाही, मलाही नाही.

मग स्टिअरिंगपुढच्या काचेमागे एक पिवळा दिवा लागायला लागला. मेकॅनिकने समजावलं की नव्या डिझेल गाडीच्या धुराड्यात गाळणी असते, तीत काजळी साचते. गाडी बरीच लांब, चांगल्या वेगाने नेली तर आतली काजळी तिथल्या तिथे जळून जाते. बाजारात नेऊन आणली तर साचत राहते, आणि एक दिवस गाडी बंद. मी म्हटलं, अरे, मी एकटा माणूस, लांब जाऊ कुठे? तो म्हणाला, देवळात जा, सार. कप्पाळ! कुंभकोणमात देव काय लांब आहेत? कोपऱ्याकोपऱ्यावर बसलेत. तिरुविसनल्लूरच्या मठापर्यंत जावं तर इंजिन तापायच्या आत मठ येतो.

म्हणून दर शनिवारी सकाळी मी गाडी काढायला लागलो. चोळपुरम्, तिरुप्पनंदाळ, थेट अणैकरैपर्यंत. तिथे कोळ्ळिडम नदीच्या पुलाजवळ एक कॉफी प्यायची आणि परत फिरायचं. काम एकच, काजळी जाळणं. रस्ता मोठा सुरेख आहे, दोन्ही बाजूंना भात. पण सहा रिकाम्या जागा घेऊन गाडी चालवणं काय असतं ते मी तुम्हाला कसं सांगू? आरशात बघितलं की मागे सगळी काचच दिसायची, मध्ये एकही डोकं नाही. मी बायकोशी बोलायचो. हा बघ, ट्रॅक्टर आडवा आला. ही बघ, नवी गिरणी झाली. घराबाहेर आम्ही सगळे तमिळच बोलतो आणि घरात आता बोलायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे आठवड्याचं मराठी मी त्या दीड तासात बोलून घ्यायचो. फार एकटं वाटायचं. इतरांना सांगताना मात्र म्हणायचो, गाडीसाठी जावं लागतं हो, काय करणार.

दर पोंगलला मुलगा म्हणायचा, पुढच्या वर्षी नक्की. पोराची परीक्षा, सुनेची नवी नोकरी, घराचं काम, कारणं सगळी खरी होती. मग पुढचा सल्ला ठरलेला. ती डिझेल विका, एक लहान पेट्रोल घ्या, नाहीतर विजेवरची घ्या. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी चिडायचो. पण चीड सल्ल्याची नव्हती. सात जणांची गाडी विकायची म्हणजे आता कुणी येणार नाही हे आपल्या हाताने लिहून द्यायचं. तेवढं मला होत नव्हतं.

मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, महिनाभर गाडी चालवता आली नाही. दिवा पुन्हा लागला, आणि या वेळी गाडीच रुसली. मेकॅनिकने दोन दिवस खपून ती सुरू केली, हात पुसले आणि शांतपणे म्हणाला, ही गाडी माणसांच्या घरची आहे, सार, तुम्हाला नको.  घरी येऊन चार ओळखीच्यांना सांगून टाकलं, विकायची आहे.

गिऱ्हाईक आलं ते लग्नांच्या स्वयंपाकाची कामं घेणारा एक आचारी. आज चिदंबरम, उद्या पुदुक्कोट्टै, त्याचं धावणं भरपूर, त्याला डिझेलच हवं. आमच्या गावात गाडी बघायला एकटं कुणी येत नाही. तो बायको, आई आणि दोन मुलींना घेऊन आला. मागच्या सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच होतं. नातवंडं सांडतील-लवंडतील म्हणून बायकोने ते काढू दिलं नव्हतं. मुली त्यावरून घसरत एकमेकींवर पडल्या आणि खिडकीवरून भांडायला लागल्या. आजीबाईंनी आत बसण्याआधी पायरीला हात लावून डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, मीच चालवून दाखवतो. आचारी शेजारी बसला. गाडी भरली की तिचा आवाजच बदलतो हे मला तेव्हा कळलं, जरा जड, पण ठाम. चोळपुरम् आलं तेव्हा तो म्हणाला, बस, सार, पटली. मी म्हटलं, डिझेल लांब नेल्याशिवाय कळत नाही. तिरुप्पनंदाळ आलं. तो पुन्हा तेच म्हणाला. मी पुढेच गेलो. मागे मुली गात होत्या, त्यांची आई त्यांना दटावत होती, आरशात डोकीच डोकी होती. अणैकरैला सगळ्यांना कॉफी पाजली, मुलींना दूध. माझं सुख एवढं उघड होतं की मला लाज वाटली.

पुलाच्या कठड्याशी आजीबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. एवढी चांगली गाडी का विकता, असं त्यांनी विचारलं. मुलंबाळं आहेत ना? मी म्हटलं, आहेत, दोघं, परदेशात. येतात ना मग? इतकी वर्षं या प्रश्नाला माझं उत्तर तयार असायचं, पुढच्या वर्षी येणार आहेत. त्या दिवशी ते आलं नाही. मी म्हणालो, "नाही येत, अम्मा. येणारही नाहीत."

त्यांनी माझा रिकामा पेला हातातून घेतला आणि आपल्या पेल्याबरोबर टपरीवर ठेवून आल्या.

गाडी तिसऱ्या दिवशी गेली. दुपारी मुलाचा फोन आला, तिकडे सकाळ होती. विकली म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं. फार शहाणपणा केलात अप्पा, म्हणाला, आणि गाडी नाही म्हणून काळजी करू नका, पुढच्या वर्षी आम्ही आलो की भाड्याची मोठी गाडी घेऊ, सगळे मिळून रामेश्वरमला जाऊ. आवाजात खरी माया होती. ते येणार नाहीत हे मला ठाऊक आहे, त्याला अजून ठाऊक नाही.

मी म्हणालो, "हो, घेऊ की. इथे हव्या तेवढ्या गाड्या मिळतात."