सुनेच्या वतीनं

शिवणकाम करणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली वकीलबाई म्हणायची. प्रश्न कोणालाही विचारा, उत्तर यांचंच. नवऱ्याच्या चहात साखर किती, गिऱ्हाइकाला कोणता गळा शोभेल, सगळं यांनाच ठाऊक.

नातू दीड महिन्याचा झाला तेव्हा सुनेला घेऊन त्या दवाखान्यात त्याला लस टोचून घ्यायला गेल्या. बाळ कसं गुटगुटीत होतं. सून मात्र पार सुकली होती. पूर्वी कामाला वाघ असलेली पोरगी आता काजं करायला घेतलेला शर्ट मांडीवर ठेवून तासन्‌तास बसून राहायची. बाळ रडलं की उठायची, पाजायची, पुन्हा बसायची. "हिचं बाळंतपण काही संपेना," असं वकीलबाई शेजारणीजवळ बोलूनही गेल्या होत्या.

टोचून झाल्यावर नर्स कागद घेऊन आली. त्यावर दहा प्रश्न होते, फक्त आईसाठी.

"गेल्या आठवड्यात मनापासून हसलात?"

"हसते की!" वकीलबाई म्हणाल्या.

नर्सनं सुनेकडे पाहिलं. सून फरशीकडे बघत होती.

"झोप लागते? रडू येतं?"

"बाळ झोपलं तरी टक्क जागी," पुन्हा वकीलबाईच बोलल्या. "रडायचं तर बाथरूमात, नळ सोडून, कोणाला ऐकू जायला नको. सारखं वाटतं, माझ्यासारखी आई मिळाली, पोराचं नशीबच फुटलं..."

सुनेनं मान वर केली. "आई, तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर कुणाजवळ बोलले नव्हते."

वकीलबाईंनी तिचा हात धरला. "तुझं नाही गं. तुझा नवरा एवढासा होता ना, तेव्हाचं माझं सांगत होते."

नर्सनं खुर्ची जवळ ओढली. "हा आळस नाही की नखरे नाहीत. बाळंतपणानंतर येणारं हे नैराश्य आहे, आणि ते बरं होतं. डॉक्टर बोलतील, लागलं तर औषध देतील, अंगावर पाजतानाही चालेल असं. घरच्यांनी हिला झोपू द्यायचं. आता शेवटचा प्रश्न. जिवाचं बरंवाईट करावं, असं मनात येतं?"

वकीलबाईंचे ओठ हलले. त्यांनी ते घट्ट मिटले.

"परवा आलं होतं," सून म्हणाली.

वकीलबाईंनी तिला बाळासकट कुशीत घेतलं. "मला कुणी विचारलंच नव्हतं गं," त्या रडत म्हणाल्या. "ऊठ बाळा, डॉक्टर बसलेत."