अव्वानं नंबर लावला

दवाखान्यातली औषधं महिनाअखेरीला संपायची, किस्से काही संपले नाहीत! हुमनाबादेजवळ हळ्ळीखेडला माझा दोन खोल्यांचा दवाखाना होता, बाहेर एक लांब बाकडं. माणूस डॉक्टरकडं दुखणं घेऊन येतो म्हणतात. खोटं आहे. तो अख्खं घर घेऊन येतो! आता मित्र जमले की "सांगा की डॉक्टर एखादा" म्हणतात, आणि एक सांगायला घेतला की मागून दहा उभे राहतात.

आज सांगतोय ते सगळे एकाच वर्षाचे आहेत. त्या वर्षी माझ्या अव्वाला, म्हणजे आईला, घास गिळेनासा झाला होता आणि ती मला तपासू देत नव्हती. तेवढं ध्यानात ठेवून ऐका.

* * *

शिवरामअप्पा आले. "डाक्टर, जिभंची चवच गेली बघा. चहा गोड लागंना."

लघवी तपासली, तर भरपूर साखर! सोबत आलेल्या त्यांच्या बायकोला, गंगाक्काला, बाजूला घेऊन सांगितलं.

"ठाव हाय की मला," ती म्हणाली. "मोरीत मुंग्या लागल्या तवाच वळखलं. चहातली साखर कवाच बंद केली."

"मग अप्पांना सांगितलं का नाही?"

"त्यास्नी वाटतंय वाणी भेसळ करायलाय. रोज जाऊन त्याच्याशी भांडतेत. तेवढंच चालणं हुतंय!"

हसत हसत घरी जेवायला आलो. अव्वा वरणात भाकरीचा पार लगदा करून पाण्याबरोबर ढकलत होती. माझं हसू जागच्या जागी आटलं.

* * *

"अव्वा, आ कर."

"कामून? मी काय बाजारातला बैल हाय व्हय, दात बघायला?"

"घास अडकायलाय का न्हाई? खरं सांग."

"दाढ दुखायली."

"दाढ दुखली तर पाणी पिताना छातीवर हात कशाला जातो?" माझा आवाज चढला. मी तोंडाचा फटकळच. माझ्या बायकोनं, सुमननं, मला डोळ्यानं दाबलं.

अव्वानं ताट सरकवलं. "घरात मला डाक्टर नगं. लेक पायजे!"

आणि उठून गेली. गुलबर्ग्याच्या मोठ्या दवाखान्यात चल म्हटलं की तिला नेमकं शेतात काम निघायचं. लुगडं अंगावर सैल होत चाललं होतं. गावाला गोळ्या देणारा मी माझ्याच घरात नुसता बघत बसलो होतो. भीतीनं माझीही भूक गेली होती.

* * *

त्यातच भीमण्णा म्हाताऱ्याला त्याच्या तीन लेकांनी बाजेवर घालून आणलं. छातीत कळ. गुलबर्ग्याला नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जीप दारात उभी केली, आणि तिघं भांडायला लागले, बरोबर कोण जाणार!

"मागल्या बारीला मीच गेलतो!"

"माझी तूर रानात उभी हाय!"

"तुझी तूर आन् माझी काय गवत हाय का?"

म्हाताऱ्याच्या कपाळावर घामाच्या धारा. नाडी माझ्या बोटाखालून निसटायलेली. मी ओरडतोय, पण ऐकतो कोण!

भीमण्णानं एक डोळा उघडला. "भांडा रे निवांत. मी थांबतो तवर!"

तिघंही मुकाट्यानं जीपमध्ये चढले. म्हातारा वाचला, आणि पुढं कैक वर्षं औषध कडू लागतं म्हणून त्यानं माझं डोकं खाल्लं.

* * *

मग एका बाजाराच्या दिवशी बाहेर कंपाउंडर इस्माईलभाईचा आवाज ऐकू आला. "अव्वा, तुमकू नंबर कायकू? सीधा अंदर जाव ना!"

"कामून? ह्या बाया काय वाट चुकून बसल्यात व्हय?"

पडदा सारून बघितलं. धुवट लुगडं नेसून माझी आई बाकड्याच्या टोकाला बसली होती! कितीही बोलावलं तरी जागची हलली नाही. नंबर आल्यावर आत आली आणि स्टुलावर बसली.

"डाक्टरसाब, घास उतरना झालाय. लई दिवस झाले."

"अगं, मग घरी का नाही..."

"घरी तुमी खेकसता. हितं समद्यास्नी 'बसा अक्का, घाबरू नगा' म्हणता. मला बी म्हणा की."

"बसा अक्का," मी म्हटलं. "घाबरू नका."

तेव्हा कुठं तिनं आ केला.

* * *

गुलबर्ग्याला पांढरं घट्ट औषध पाजून एक्स-रे काढायचे. तिथला टेक्निशियन घाईत होता. "एका घोटात घ्या आजी, मधे थांबायचं नाही!"

अव्वानं ग्लास खाली ठेवला. "एका घोटात गेलं असतं तर हितवर आले असते का, बाबा?"

पोरगा वरमला. मग त्यानं स्वतःच ग्लास धरला आणि थोडं थोडं करून पाजलं. प्रत्येक घोटाला ती डोळे मिटायची, आणि दारात उभा राहून मीही तिच्याबरोबर गिळत होतो.

* * *

पेशंटला काही सांगायचं नाही, घरच्या माणसाला बाहेर बोलावून हळूच सांगायचं, ही आमच्याकडची रीत. इतकी वर्षं माझा दवाखाना बघून अव्वालाही ती पाठ झाली होती.

एक्स-रेचा फोटो आला त्या दिवशीही तिनं नंबर लावला. बायाबापड्यांना पुढं सोडत सोडत सगळ्यात शेवटी आत आली. दुपार कलली होती. मी फोटो खिडकीशी धरला. अन्ननलिका खाली जाता जाता दोऱ्याएवढी झालेली, कडा कुरतडलेल्या. कॅन्सर होता. ऑपरेशनच्या पलीकडं गेलेला.

रीतीप्रमाणं घरच्या माणसाला बोलवायला हवं होतं. घरचा माणूस मीच! मी फोटो पुन्हा पुन्हा खिडकीशी धरत राहिलो.

अव्वा माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. तिनं पदर सावरला, स्टूल जरा पुढं ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली,

"डाक्टरसाब, माझ्या लेकाला आत्ताच सांगू नगा. सकाळधरनं उपाशी हाय त्यो. आदी जेवू द्या त्याला."