मुठीला तीन हिसके

चावीवाल्याचा देवावर विश्वास नव्हता आणि गिऱ्हाइकाने न विचारताही तो हे सांगत असे. दोघांच्या वाटची प्रार्थना बायको एकटीच प्रार्थनामंदिरात जाऊन उरकायची. मेहुणा दर रविवारी जेवायला येई आणि पहिल्या घासाबरोबर तोच वाद उकरून काढी.

"देवाची भीतीच नाही म्हटल्यावर माणूस वाटेल ते करेल, दाजी."

"कुलूप आहे म्हणून चोरी न करणारे मी रोज बघतो," चावीवाला म्हणे. "त्यांना सज्जन म्हणायचं, तर मग कुलपाला काय म्हणू?"

या वाक्यावर तो वीस वर्षं खूश होता.

पूजाअर्चा त्याची एकच. कुठलंही काम झालं की निघण्याआधी दाराच्या मुठीला तीन सणसणीत हिसके. मूठ जागची हलली नाही, तरच पाय बाहेर.

पडदे शिवणाऱ्या बाई घटस्फोटानंतर तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. त्याच्या ज्या विनोदांवर हसणं बायकोने अकरा वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं, त्यांवर या बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत. पहिल्या खेपेला कपाटाचं कुलूप होतं. दुसऱ्या खेपेला दाराला नवी मूठ बसवायची होती, आणि बाई इतक्या जवळ उभ्या होत्या की त्यांच्या केसांच्या साबणाचा वास येत होता. त्या दिवशी त्याने आतल्या मुठीचा बारका स्क्रू अर्धाच आवळला आणि हिसके न देताच तो निघाला. चुकून नव्हे. सैल मूठ आठवडाभरात कुरकुरते आणि कुरकुरली की बोलावणं येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बोलावणं आठव्या दिवशी आलं. त्या सकाळी त्याने दोनदा दाढी केली.

दुपारी तीनला हत्यारांची पिशवी आणि चपला जिन्यात ठेवून तो आत शिरला. खिडकी उघडी होती. वाऱ्याने दार धाडकन लागलं. त्याने आतली मूठ धरली, तर ती सुटून हातात आली. बाहेरची मूठ लोखंडी दांडीसकट पलीकडे ठण्णकन पडली.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता बाहेरून कोणीतरी उघडायला हवं."

"शेजारी सहाला येतात." बाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "घाई काय आहे? कोण बघतंय?"

खरंच कोणी बघत नव्हतं. हा तर त्याचाच सिद्धान्त! देव असता तर बरं झालं असतं, असं चावीवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. निदान नाही म्हणताना कोणाचं तरी नाव पुढे करता आलं असतं. कानशिलं तापली होती आणि हात काढून घ्यावासा मुळीच वाटत नव्हता. दुसऱ्या हातात ती मूठ होती. बायको चारचौघांत सांगायची, "आमच्या ह्यांनी बसवलेलं निघत नाही."

त्याने हात सोडवला. "बाई, हा स्क्रू मी मुद्दाम सैल ठेवला होता."

"मला कळलं होतं ते," बाई म्हणाल्या. "म्हणून तर शेजाऱ्यांना आवळायला सांगितलं नाही."

दोघांनाही हसू फुटलं. मग बाई जाऊन शिवणयंत्रापाशी बसल्या आणि पडद्याला जरा जास्तच जोरात टीप घालू लागल्या.

चावीवाल्याच्या फोनमध्ये धंद्यातली सतरा माणसं होती. त्याने बायकोला फोन लावला.

वीस मिनिटांनी दारापलीकडून आवाज आला. "चपला बाहेर, मूठ बाहेर. अहो, तुम्ही कुठे?"

"आत."

"तेवढं कळलं मला."

"मूठ उचल. दांडी भोकात घाल आणि फिरव."

दार उघडलं. बायकोने आधी बाईंकडे, मग त्याच्याकडे, मग त्याच्या हातातल्या मुठीकडे पाहिलं.

"हिसके दिले नव्हते?"

"नाही."

"का?"

तो हातातली मूठ उलटसुलट करून पाहू लागला. बावीस वर्षांच्या संसारात हे उत्तर पुरेसं होतं.

"आधी तो स्क्रू आवळा," बायको म्हणाली. "मग बोलू."

त्याने आवळला, तीन हिसके दिले. चौथा बायकोने दिला.

वाटेत त्याने सगळं सांगून टाकलं, दोनदा केलेल्या दाढीसकट. दोन गल्ल्या ओलांडेपर्यंत बायको पुढेच चालत राहिली. आता ही माहेरी जाते की काय, म्हणून ती कुठे वळते ते तो बघत होता. टपालपेटीपाशी ती थांबली.

"गेल्या वर्षी प्रार्थनेला एक उंच गृहस्थ यायचे, मी सांगितलं होतं, आठवतं? खर्जात गाणारे?"

"हो. त्यांचं काय?"

"काय म्हणजे? देव समोरच होता. काडीचा उपयोग झाला नाही."

चावीवाल्याने पिशवी खाली ठेवली. "मग थांबलीस कशाने?"

"त्यांनी एक विनोद सांगितला. अगदी तुमच्यासारखा. म्हटलं, असले विनोद ऐकायला घरी एक आहे तेवढा पुरे."

तो हसला. मग तीही हसली, अकरा वर्षांचं साठवलेलं. येणारेजाणारे वळून बघू लागले. घर येईपर्यंत त्याने "उंच म्हणजे किती उंच?" असं चारदा विचारलं, आणि तिने दर वेळी त्या गृहस्थांची उंची थोडी वाढवली.

रविवारी मेहुण्याने पहिला घास घेतला. "देवाची भीतीच नाही म्हटल्यावर..."

बायकोला ठसका लागला. चावीवाल्याने तिची पाठ थोपटली आणि कुलपाचं वाक्य गिळून टाकलं.

"भीतीचं राहू दे," तो म्हणाला. "तू भाजी घे."

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "ताई, दाजींना बरं नाही का?"

"चांगले ठणठणीत आहेत," बायको म्हणाली. "मी स्वतः हिसका देऊन बघितलाय."