बंद पाकिटातली शिष्यवृत्ती

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. बारावी होताच मी वकील होणार असं घरात जाहीर केलं. कोणी विरोध केला नाही, कारण कोणाला ते खरंच वाटलं नाही. अब्बांची दुबईतली नोकरी नुकतीच सुटली होती आणि मुंबईच्या लॉ कॉलेजचा खर्च त्यांच्या आवाक्याबाहेर होता. मी मात्र हटले नाही. एसटीने रत्नागिरी गाठायची आणि वाचनालय, सायबर कॅफे, सरकारी कचेरी असे खेटे घालायचे. इंजिनिअरिंगला शिष्यवृत्त्या होत्या, डॉक्टरकीला होत्या. वकिलीचं नाव काढलं की समोरचा माणूस चष्मा काढून माझ्याकडे बघायचा. "भांडायची आवड दिसते," असं एक कारकून म्हणाला. मी म्हटलं, "आवड आहे, फी नाही."

प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा आमच्या गावच्या मुस्लिम जमातीचे, म्हणजे मशिदीचा कारभार बघणाऱ्या मंडळाचे, सेक्रेटरी घरी आले. ते निवृत्त मास्तर. पडवीत बसून त्यांनी आवाज खाली आणला आणि माझी फी जमातीच्या फंडातून भरू म्हणाले.

अब्बा ताडकन उठले. "दर रमजानला मी तिथं गरिबांसाठी जकात पाठवत व्हतो. आता तीच घेऊ?"

"जकात नाय रे ही. शिक्षनाचा फंड येगळा हाय. गावातली पोरां शिकलीत त्याच्यावर."

"कोण?" मी विचारलं.

मास्तर नुसते हसले. ते सांगायचं नसतं. घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून पैसे गुपचूप, बंद पाकिटातून घरी पोचवायचे, ही जमातीची जुनी रीत. जकातही तशीच जायची. रीत मोठ्या मनाची होती, आणि माझं डोकं भडकलं. मी अख्खा जिल्हा पालथा घातला आणि शिष्यवृत्ती आमच्याच मशिदीत बसून होती!

"पाकीट नको," मी म्हटलं. "जुम्याच्या नमाजनंतर सगळ्यांसमोर सांगा. ही शिष्यवृत्ती आहे, मार्क बघून दिली आहे, वकिलीलाही मिळते. नाहीतर पुढच्या पोरीला कळणार कसं?"

"पोरीचा नाव मशिदीत?" मास्तरांचा चहा बशीतच राहिला.

आतून अम्मा गप्प बसायच्या खुणा करत होती. मला भीती वाटत होतीच. जमातीची कमिटी नाही म्हणाली असती तर माझं वर्ष गेलं असतं. पण ते पाकीट घेतलं असतं तर अब्बांनी ती जकातच मानली असती आणि ते गावातून खाली बघत चालले असते. ते मला फीपेक्षा महाग पडलं असतं.

कमिटीला विचारतो म्हणून मास्तर गेले, ते पुन्हा फिरकलेच नाहीत. शुक्रवारी अब्बा इस्त्रीचा सदरा घालून नमाजला गेले. अम्मा आणि मी दारात उभ्या.

अब्बा आले, टोपी काढून खुंटीला लावली आणि पाणी मागितलं.

"मास्तरांनी सांगितलानी?" अम्माने विचारलं.

"सांगितलानी. हिचा नाव घेतलानी, मार्क सांगितलानी." ते घोटभर पाणी प्यायले. "माजा नाव नाय घेतलानी. 'हिचा बाप तो बसलाय' म्हनले. सगले वळून बगाय लागले."

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"काय करनार? मान वर करून बसलो."