मूठ, कढई आणि चहा

साहेबांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी म्हशीखाली बसलो होतो. "आप्पा, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. आदल्या दिवशी दुपारी साहेबांनीच उभं राहून किलवणीच्या शेतातलं गवत कापून घेतलं होतं. मुरघासाच्या गाठी बांधायच्या होत्या. आम्ही सगळे सिल्वासाला त्यांच्या घरी धावलो आणि गवत शेतात पडून वाळलं. ते वाया गेलं म्हणून कुणी हळहळलं नाही, मीसुद्धा नाही.

सुधाकर साहेब मूळचे नाशिकचे, कारखान्यात इंजिनियर. मी धुळ्याकडचा, चौथी शिकलेला, त्याच कारखान्यात तापलेल्या साच्यांवर काम केलं. रिटायर झाल्यावर त्यांनी किलवणीत जमीन भाड्याने घेतली, गवत लावलं आणि मला बोलावलं. त्यांना यंत्रं कळत होती, गवत नाही. मुरघासाचं असं असतं, गवत कापून थोडं सुकवायचं, मग दाबून गाठ बांधून प्लास्टिकात हवाबंद करायची. फार ओलं राहिलं तर आत सडतं, फार सुकलं तर बुरशी धरतं. पहिल्या वर्षी त्यांनी ओल मोजायचं मशीन आणलं. मी गवत मुठीत दाबून म्हणालो, "ओलं आहे, थांबा." मशीन म्हणालं, बांधा. त्यांनी बांधलं. दीड महिन्याने गाठ फोडली तर असा वास सुटला की म्हशींनी तोंड फिरवलं. तेव्हा चार माणसांत ते म्हणाले, "चूक माझी. आप्पांच्या मुठीचं ऐकायला हवं होतं." एवढा शिकलेला माणूस असं बोलला म्हटल्यावर माझी छाती फुगायचीच. मग दुधनीपासून लोक मला गवत दाबायला बोलवायला लागले.

साहेबांनी मशीन ठेवून दिलं आणि घरची एक कढई शेडवर आणली. शंभर ग्रॅम गवत मंद शेगडीवर वजन उतरायचं थांबेपर्यंत परतायचं आणि पुन्हा काट्यावर ठेवायचं. चाळीस-पंचेचाळीस उरलं की गवत बांधायला तयार, कमी उरलं तर अजून ओलं. मी चिडवायचो, "साहेब, मीठ-मिरची टाका, भाजी होईल." हट्टाने मी त्या काट्याकडे कधी बघितलं नाही. तेही माझ्याकडे पाठ फिरवून वजन करायचे, मग माझ्याकडे येऊन विचारायचे, "बोला आप्पा, मूठ काय म्हणते?" मी दाबायचो, "चालू द्या" म्हणायचो. कधी ते लगेच लखूला, म्हणजे आमच्या ट्रॅक्टरवाल्याला, हाक मारायचे. पण गेली दोन वर्षं बऱ्याचदा म्हणायचे, "आधी चहा घेऊ." चहा झाला की "गवत जरा पलटून घेऊ", मग परत चहा. मी वैतागायचो, "साहेब, ही कंपनीतली सवय सोडा आता. ऊन चाललंय!" ते नुसते हसायचे.

तेराव्यानंतर मी ती कढई परत द्यायला गेलो. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडेच ठेवा. गवताचा वास बसलाय, यात आता काय शिजवू?" मी म्हणालो, "मला कशाला? माझी मूठ आहे." त्यांनी कढई माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, "आप्पा, रागावू नका. तुमच्या मुठीला ओल कळत नाही हे यांना माहीत होतं. तुम्ही एकदा उकळत्या चहाचा स्टीलचा ग्लास उघड्या हाताने धरलात ना, तेव्हाच ओळखलं त्यांनी. घरी येऊन म्हणायचे, आज आप्पांना तीनदा चहा पाजला, गवत सुकेपर्यंत. ॲसिडिटी मात्र माझी वाढली, असंही म्हणायचे..." असं सांगताना त्या हसल्या आणि मग रडल्या.

बोटं बधिर झाली आहेत हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नव्हतं. आधी साहेबांचा राग आला, माझ्याशी खोटं कशाला बोलायचं? आला तसा तो राग तिथेच विरला. दोन वर्षं माझी मूठ चुकत होती आणि त्यांनी चार माणसांत तिचा मान ठेवला होता. पोटात आग पडत असताना माझ्याबरोबर चहा पीत बसले. मी कढई उचलली, वहिनींना नमस्कार केला आणि निघालो.

परवा पुन्हा गवत कापलं. लखू सवयीने म्हणाला, "आप्पा, मूठ?" मी दाबून बघितलं. मूठ म्हणाली, बांध. मग मी शेगडी पेटवली, शंभर ग्रॅम गवत परतलं आणि पहिल्यांदा काट्याकडे नीट बघितलं. तीसच उरलं होतं. लखू ट्रॅक्टरवर चढत होता. मी म्हणालो, "खाली उतर. आधी चहा ठेव."

"आप्पा, तुम्ही तर साहेबांसारखं बोलायला लागले!"

त्याने वाफाळता ग्लास पुढे केला. माझा हात तसाच गेला होता... मागे घेतला. खांद्यावरचा पंचा काढला आणि लखूच्या देखत ग्लास पंच्यात धरला.