वहिवाट राखणारे शेषेराव अण्णा

“त्या अण्णाला ह्यातून काय मिळायलंय गं?” असं आईनं मला एकदा विचारलं. घरातली पहिली पदवीधर मी. उत्तर माझ्याकडं असायला हवं होतं. आदरणीय शेषेराव अण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसले तरी ते मला सापडलेलं नाही.

अण्णांना मी प्रथम पाहिलं ते मांजरा नदीकाठच्या फाटकाशी. आमच्या गावची नदीकाठची सरकारी जमीन एका खाजगी क्लबनं कुंपण घालून वापरायला घेतली होती. जिथं जनावरं पाण्यावर यायची, बाया वाकळा धुवायच्या, तिथं सभासदांच्या मोटारी उभ्या राहू लागल्या. गावकरी बाहेरून बघत उभे होते आणि अण्णा म्हैस घेऊन सरळ आत निघाले होते. वॉचमन आमच्याच गावचा बालाजी.

“अण्णा, वहीत सही तर करा. माझी नोकरी हाय.”

“कर की नोकरी. तुझ्या लग्नात वाढपी होतो मी, तवा सही घेतलास का?”

“म्हैस तरी भाईर ठेवा!”

“पोहायचं तिला हाय. मी नुसता सोबतीला आलोय.”

बालाजी हसत बाजूला झाला.

अण्णांनी मोजणी खात्यात साखळी धरण्याचं काम केलं. तालुक्यातले हद्दीचे दगड त्यांना पाठ आहेत. कागद कचेरीत राहतो, वहिवाट मात्र पायांनी राखावी लागते, असं ते सांगतात. कुंपण हटावं म्हणून तहसीलदारांकडं अर्ज आणि सुनावण्या चालू असतानाही त्यांचं रोज नदीवर जाणं चुकलं नाही. एकदा काही तरुण कुंपण तोडायला निघाले, तेव्हा अण्णांनी त्यांच्या हातातली पक्कड काढून घेतली. “तार तोडली की भांडण तारंचं होतंय. आपलं भांडण जमिनीचं हाय.”

आमचं गाव कर्नाटकात, म्हणून अर्ज कन्नडमध्ये लिहायचं काम त्यांनी माझ्याकडं दिलं. प्रत्येक अर्ज आधी बायांना मराठीत वाचून दाखवायचा, मगच सही किंवा अंगठा, हा त्यांचा नियम. माझी परीक्षा असली की मात्र अर्ज बाजूला ठेवून ते मला सायकलवरून फाट्यापर्यंत सोडायचे आणि बीदरची बस येईपर्यंत थांबायचे.

अशा माणसाच्या कामाला माझ्याच हातून धक्का लागला. अण्णा लेकीकडं उदगीरला गेले होते. क्लबनं गावातल्या बायांना नदीवर जायला फुकट पास देऊ केले. मला वाटलं, आपण जिंकलो! आईसकट गल्लीतल्या सगळ्या बायांचे फॉर्म मी हौसेनं भरले. खाली बारीक अक्षरात अट होती: जागा क्लबच्या ताब्यातली असून मी त्यांच्या परवानगीनं येते. ती मी वाचली, नेहमीचीच असेल म्हणून सोडून दिली. बायांना वाचून दाखवली नाही.

पुढच्या सुनावणीत क्लबच्या वकिलांनी तोच गठ्ठा पुढं केला. “गाव तर आमचीच परवानगी मागतंय.” सगळं अक्षर माझं.

बाहेर आल्यावर मला रडू आवरेना. अण्णांनी चहा मागवला.

“अण्णा, रागवा तरी.”

“कामून? अक्षर चांगलं हाय तुझं.” बशीतला चहा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, “वाचून दाखवायचं ऱ्हायलं बघ.”

पुढं काय करावं, हे त्यांनी सांगितलं नाही. मीच घरोघरी जाऊन चूक सांगितली. काही बाया अजून माझ्याशी बोलत नाहीत.

अण्णांचे गुडघे नदीच्या उतारावर त्यांना अशीच साथ देवोत, डोळे शाबूत राहोत आणि शंभरीतही त्यांना अडवणाऱ्याला हसून बाजूला व्हावं लागो, ही मनापासून इच्छा. निकाल अजून लागायचा आहे. परवा मी तहसीलदारांसमोर शपथेवर लिहून दिलं की, अट मला ठाऊक होती, बायांना नव्हती. चूक माझी आहे, गावानं परवानगी मागितलेली नाही.