आखाजीनंतरचं बोलावणं

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. झोके, गाणी, आमरस सगळं आटोपलं की सासरचं कुणीतरी आणायला जातं, मगच त्या परततात. बोलावणं नसताना आपण होऊन सासरी येणं म्हणजे आपल्याच हाताने नाक कापून घेणं. माझ्या वहिनीला पिंपळनेरहून धुळ्याला आणायचं काम माझ्याकडे होतं. मी धाकटा दीर, शाळामास्तर, मे महिन्यात रिकामाच. सहा वर्षं मी तिला आणलं. सातव्या वर्षी आई म्हणाली, "औंदा जाऊ नको. वांझ बाईले कितला दिन पोसाना?"

मी गेलो नाही. आईपुढे बोलायची माझी छाती नव्हती, असं मी पुढे लोकांना सांगायचो. खरं म्हणजे मलाही आईचं पटलं होतं.

तोवर वैद्य, भगत, दवाखाना, सोळा सोमवार, सगळं वहिनीचं करून झालं होतं. भावाला कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. "मना पोऱ्या धडधाकट शे," हे आईचं पालुपद, आणि पुरुषाला काय तपासायचं, असं आम्ही सगळेच शहाणे समजत होतो. भाऊ शिंपीकाम करायचा. आठ-आठ दिवस दाढी केली नाही तरी त्याचा चेहरा गुळगुळीत दिसायचा. मी त्याला 'बालमहाराज' म्हणून चिडवायचो. भर वैशाखात तो अंगात दुहेरी कापडाची बंडी घालायचा, स्वतःच शिवलेली. त्यावरूनही मी चिडवायचो. वहिनीला आणलं नाही त्या वर्षी तो नुसता मशीन चालवत राहिला. आईने दुसऱ्या मुली पाहायला सुरुवात केली, तेव्हा मात्र सरळ नाही म्हणाला.

दोनेक वर्षांनी तो दाराच्या चौकटींना धडकायला लागला. रस्त्यात सायकलवाल्यांच्या शिव्या खायचा. डोकं सारखं दुखायचं. पण सुई एका दमात ओवायचा, त्यामुळे डोळे बिघडलेत हे कुणाला खरं वाटेना. एकदा तो टांग्याखाली येता येता वाचला, तेव्हा कुठे मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याला 'माझ्या नाकाकडे बघ' असं सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. भावाला ती दिसलीच नाहीत. समोरचं तेवढं दिसत होतं, दोन्ही बाजू गेल्या होत्या. डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. मग हलक्या आवाजात विचारलं, "मूलबाळ? आणि छातीतून कधी दुधासारखं येतं का?"

भाऊ माझ्यासमोर ओंजळीत तोंड धरून रडायला लागला. बंडी दुहेरी का, ते मला तेव्हा कळलं.

पुढे मुंबईला डोक्याचे फोटो काढले. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी ग्रंथी असते, तिच्यात गाठ वाढली होती. प्रोलॅक्टिन नावाचं काहीतरी ती नको इतकं तयार करत होती. बाळंतिणीला त्याने दूध येतं, पुरुषाची मात्र इच्छाही मरते आणि बीजही. तिथल्या डॉक्टरांनी हे पाठ केलेला धडा म्हटल्यासारखं सांगितलं. गाठ काढली. भाऊ वाचला, नजर थोडी परत आली. मुंबईहून आल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तिले लई ये."

मी वहिनीला आणायला पिंपळनेरला गेलो. वहिनीने तिच्या माहेरी, तिच्या भावाच्या घरी, चुलीवर चहा ठेवला. मी ग्रंथी, गाठ, ऑपरेशन, सगळं चाचरत सांगितलं. दोष तिचा नव्हता, हेही सांगितलं. जसा काही मी तिला निकालपत्रच द्यायला आलो होतो.

"माले मालूम व्हतं, भाऊ," ती म्हणाली. "सहा वरीस त्यासनी माले कधी हात लावा नही."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगती तं गाव त्यासले हासतं. माले वांझ म्हनेत, ते मी सोसी लिधं."

मला मान वर करवेना. "आता चल," एवढंच म्हणालो.

तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला. "त्या सालले आखाजी सरनी नि मी पेटी भरीसन बठनू. बठ्ठा वैशाख बठनू. तुम्ही उनात नही." सगळा वैशाख वाट पाहिली आणि मी आलो नाही, हे सांगतानाही आवाज अगदी साधा होता. मग भावाला जेवण जातं का, झोप लागते का, असं एकेक विचारत बसली. बसच्या वेळेला मला एकट्यालाच उठावं लागलं.

धुळ्याला भाऊ ओट्यावरच बसला होता, नवा सदरा घालून. मी एकटाच आहे हे कळायला त्याला मान दोन्हीकडे फिरवावी लागली.

"चिडेल व्हती का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"मंग सरनं बठ्ठं. चिडती तं कधी ना कधी येती," तो म्हणाला, आणि सदऱ्याची बटणं सोडायला लागला.